ऐन गर्दीत किचनमधले ऑर्डर-स्क्रीन बंद पडतात: वीज आणि डेटाच्या वायरिंगमधला दोष कसा शोधायचा

सकाळी अकराला स्क्रीन सुरू होतात, दुपारचा धंदा सुरळीत जातो. रात्री सव्वाआठला तंदूरवरचा स्क्रीन काळा पडतो, नाहीतर उजेड असतो पण नवी ऑर्डर येत नाही. कोणीतरी प्लग काढून पुन्हा लावतो, दहा मिनिटं चालतं, पुन्हा तेच. साडेदहाला गर्दी ओसरली की सगळं आपोआप ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस येतो तेव्हा त्याला काहीच सापडत नाही, कारण त्या वेळी एक्झॉस्ट बंद असतो, ग्राइंडर बंद असतो आणि हॉलमध्ये एकही गिऱ्हाईक नसतं.

असा वेळ धरून येणारा दोष सहसा स्क्रीनमध्ये नसतो, वायरिंगमध्ये असतो. २२ इंची स्क्रीन जेमतेम ३० ते ४० वॉट खातो, म्हणून वायरमन त्याला जवळच्या कुठल्याही बोर्डातून लाइन देतो. लोड म्हणून ते चालून जातं. पण त्या बोर्डावर जे जे होईल, ते ते मग ऑर्डरवर होतं. स्क्रीन बदलून, सॉफ्टवेअर बदलून हा दोष जात नाही.

आधी चार दिवस नोंद करा

काहीही उघडण्याआधी पासजवळ (तयार पदार्थ वेटरच्या हाती जातात ती जागा) एक कागद चिकटवा. स्क्रीन गेला की मॅनेजरने त्यावर वेळ, कुठला स्क्रीन गेला, काळा पडला की उजेड असून अडकला, आणि नेमकं त्याच वेळी कुठलं मशीन सुरू झालं किंवा बंद झालं, एवढंच लिहायचं. या चार दिवसांत शनिवार-रविवार आलाच पाहिजे.

काळा पडणं म्हणजे वीज. उजेड असून ऑर्डर न येणं म्हणजे डेटा. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह येऊन तो पहिल्यापासून सुरू होत असेल तर तीही वीजच, फक्त क्षणभर गेलेली. ‘नो सिग्नल’ दिसत असेल तर टीव्ही शाबूत आहे; त्यामागचा अँड्रॉइड बॉक्स बंद पडला किंवा एचडीएमआयची वायर सैल झाली. एचडीएमआयच्या प्लगला अडकवायची खिटी नसते. एक्झॉस्टच्या थरथरीने तो हळूहळू बाहेर सरकतो, म्हणून बॉक्स टीव्हीच्या पाठीलाच पक्का करून वायर आखूड ठेवावी आणि टायने बांधावी.

एकच स्क्रीन जातो की सगळे एकदम, यावर पुढची निम्मी वाट ठरते. एकच जात असेल तर दोष त्याच्या भिंतीवर आहे: अडॅप्टर, सॉकेट, शेवटचा प्लग. सगळे एकदम जात असतील तर किचनमध्ये वेळ घालवू नका, थेट डीबी (वीज वाटपाची पेटी) आणि कॅश काउंटरखालचा राउटर पाहा.

स्क्रीन काळा पडतो तेव्हा

‘व्होल्टेज पडतं म्हणून स्क्रीन जातो’ असं सर्रास सांगितलं जातं आणि स्टॅबिलायझर विकत आणला जातो. आधी अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असतं. म्हणजे एक्झॉस्टची मोटर सुरू होताना लाइन २३० वरून १७० वर आली तरी त्याला काही व्हायला नको. त्याला सोसत नाही ते वीज तुटणं. चांगला अडॅप्टर पूर्ण लोडवर १० ते २० मिलिसेकंद स्वतःच्या कपॅसिटरवर (आतला वीज साठवणारा भाग) तग धरतो, त्यापुढे नाही. म्हणून दिवे नुसते मंदावतात आणि तरीही स्क्रीन पुन्हा सुरू होतो, असं होत असेल तर दोनच शक्यता उरतात: कुठेतरी जोड सैल आहे, किंवा अडॅप्टरचे कपॅसिटर सुकले आहेत.

अडॅप्टरची शंका पाच मिनिटांत मिटते. तंदूरवरच्या आणि पासवरच्या स्क्रीनचे अडॅप्टर आपसांत बदला. दोष अडॅप्टरबरोबर गेला तर अडॅप्टर खराब. जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा मागची लाइन खराब. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच घ्या, अँपियर जास्त चालतील: १२ व्होल्ट ३ अँपियरच्या जागी १२ व्होल्ट ५ अँपियर उत्तम. प्लगच्या मधल्या पिनचा व्यास आणि प्लस-मायनसही जुळले पाहिजेत. कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश उष्णतेला साधारण निम्मं होतं, त्यामुळे हूडच्या कडेला टांगलेला अडॅप्टर हॉलमधल्यापेक्षा कितीतरी लवकर जातो. शिवाय झुरळांना ही उबदार डबी फार आवडते. उघड्या जाळीचा अडॅप्टर असेल तर तो झाकण असलेल्या खोक्यात ठेवा, आणि खोक्याला वारा लागेल अशा दोन फटी बारीक जाळी लावून सोडा.

इथेच एक चूक वारंवार होते. स्क्रीन भट्टीजवळ, सॉकेट लांब. म्हणून अडॅप्टरची १२ व्होल्टची बाजू दहा मीटर लांबवली जाते, तीही स्पीकरच्या बारीक वायरने. हिशोब करून पाहा. अर्ध्या स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) वायर किलोमीटरला सुमारे ३९ ओहम देते. जाऊन-येऊन २० मीटर म्हणजे ०.७८ ओहम, आणि ३ अँपियरला त्यात २.३ व्होल्ट गळतात. स्क्रीनपर्यंत पोचतात ९.७ व्होल्ट. सकाळी तो चालतो, कारण ब्राइटनेस कमी असतो. रात्री ब्राइटनेस आणि आवाज वाढवला की करंट वाढतो, व्होल्ट आणखी उतरतात आणि तो पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. मल्टिमीटर स्क्रीनच्या टोकाला, स्क्रीन चालू असताना लावा. अडॅप्टरच्या टोकाला लावलात तर १२ दिसतील आणि फसाल. ११.४ च्या खाली असेल तर २३० व्होल्टचा पॉइंट स्क्रीनमागे आणा. जाड वायर टाकून भागवणं हा तात्पुरता इलाज आहे.

आता न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर. या सगळ्या दोषांत जिवाला आणि मालाला सर्वांत घातक हाच.

हॉटेलला बहुधा थ्री-फेज कनेक्शन असतं. हॉलचे दिवे एका फेजवर, फ्रीज-फ्रीझर दुसऱ्यावर, किचनचा पॉवर तिसऱ्यावर, आणि तिघांचा न्यूट्रल एकच. तो मुख्य न्यूट्रल सैल झाला की तिन्ही फेजची व्होल्टेज एकमेकांना ओढू लागतात. जास्त लोडच्या फेजवर व्होल्ट उतरतात, कमी लोडच्या फेजवर चढतात. स्क्रीनची लाइन बहुतेकदा कमी लोडच्याच फेजवर असते. तिथे ३०० व्होल्ट आले तर त्याचं शिखर ४२४ व्होल्टला जातं, आणि अडॅप्टरमधला मुख्य कपॅसिटर सहसा ४०० व्होल्टचा असतो. तो फुगतो किंवा फुटतो. ‘महिन्यात तीन अडॅप्टर गेले’ अशी तक्रार आली की अडॅप्टरच्या कंपनीवर संशय घेण्याआधी न्यूट्रल पाहा.

लक्षण सोपं आहे: एक्झॉस्ट किंवा एखादं जड मशीन सुरू झालं की काही दिवे मंदावतात आणि काही जास्त पेटतात. रात्री गर्दीत मोजा. तिन्ही फेजचे न्यूट्रलपासूनचे व्होल्ट एकमेकांच्या पाच-सात व्होल्टच्या आत असावेत. एक २०५ आणि दुसरा २५५ दिसला तर त्याच क्षणी मेन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्क्रीनच्या सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ मोजलं तर दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं. पाचच्या पुढे गेलं तर न्यूट्रलच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. नुसता टेस्टर इथे उपयोगाचा नाही. तो फेज आहे एवढंच सांगतो, न्यूट्रल धड आहे की नाही ते सांगत नाही.

डीबीचं झाकण काढल्यावर (मेन बंद करून, आणि तपासून) नजर न्यूट्रलच्या पितळी पट्टीवर ठेवा. चांगल्या वायरचं काळं आवरण स्क्रूच्या तोंडापर्यंत मऊ आणि चकचकीत असतं. खराब जोडाजवळ शेवटचं बोटभर आवरण तपकिरी होऊन कडक झालेलं असतं, नखाने दाबलं तर तडकतं, आणि आतलं तांबं लालसर न राहता काळपट-जांभळं दिसतं. बहुतेक वेळा त्याच एका स्क्रूखाली तीन वायरी कोंबलेल्या असतात, त्यात एक जाड आणि दोन बारीक. स्क्रू जाडीवर टेकतो आणि बारीक वायरी सैल राहतात. तो जळका भाग कापून, लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावून, एका स्क्रूखाली एक वायर बसवा. नुसता स्क्रू आवळला तर चार दिवसांनी पुन्हा तिथेच याल.

आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच), म्हणजे अजून ज्याला सगळे ईएलसीबीच म्हणतात तो, ट्रिप होत असेल तर कारण वेगळं. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. स्क्रीन, राउटर, बिलिंगचा कॉम्प्युटर मिळून गळती सहसा चार-सहा मिलिअँपियर. ती एकटी काही बिघडवत नाही. पण त्याच आरसीसीबीवर बेन-मेरी (पदार्थ गरम ठेवणारं गरम पाण्याचं मशीन) किंवा इलेक्ट्रिक फ्रायर असेल तर घोळ होतो. त्यांचं हीटिंग एलिमेंट ओल धरतं, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी. एलिमेंटची गळती आणि स्क्रीनची गळती मिळून उंबरठा ओलांडला जातो आणि सगळं एकत्र बंद पडतं. मिलिअँपियर दाखवणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र धरा. जो आकडा दिसेल ती त्या सर्किटची गळती. आरसीसीबी काढून टाकणं किंवा १०० मिलिअँपियरचा बसवणं हा इलाज नव्हे. किचनमध्ये माणसं ओल्या फरशीवर उभी असतात. ओलं एलिमेंट बदला आणि स्क्रीनना स्वतःचा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकात) द्या.

आरसीसीबी लोड येताच लगेच पडत असेल तर उसना न्यूट्रल शोधा: फेज एका आरसीसीबीतून आणि न्यूट्रल दुसऱ्याच पट्टीवरून घेतलेला. घाईत वाढवलेल्या पॉइंटमध्ये हे नेहमी आढळतं.

लाइट जाते-येते तेव्हाच स्क्रीन जात असतील तर इन्व्हर्टर पाहा. घरगुती इन्व्हर्टरच्या पाठीमागे नॉर्मल आणि यूपीएस असं एक छोटं बटण असतं. नॉर्मलवर बदलायला लागणारा वेळ पंख्या-दिव्यांना चालतो, स्क्रीनला नाही. बटण यूपीएसवर करा. जनरेटरचा चेंजओव्हर हाताचा असेल तर मध्ये मिनिट-दोन मिनिटं जातात. तिथे वेगळा यूपीएस लागतोच.

आणि साधा टीव्ही लावला असेल तर दोन सेटिंग आजच बघा. बरेच टीव्ही चार तास रिमोटला हात न लावल्यास आपोआप बंद होतात. आणि लाइट परत आल्यावर स्टँडबायवरच थांबतात, लाल दिवा लावून. दोन्ही मेनूमधून बदलता येतात. ज्या मॉडेलमध्ये येत नाहीत तो टीव्ही किचनमध्ये लावू नये.

उजेड आहे, ऑर्डर नाही

सगळे स्क्रीन एकदम ऑफलाइन होऊन दोन-तीन मिनिटांत परत येत असतील तर राउटर किंवा नेटवर्क स्विच पुन्हा सुरू झाला आहे. काउंटरखाली वाका. एका स्पाइक गार्डमध्ये राउटर, स्विच, प्रिंटर, कार्डचं मशीन आणि शेजारी वेटरच्या मोबाइलचा चार्जर असं दृश्य असतं. चार्जर लावता-काढताना सैल सॉकेटमधला राउटरचा अडॅप्टर हलतो. स्पाइक गार्ड फेकून भिंतीवर चार पक्के सॉकेट बसवा. चार्जिंगला दुसरीकडे वेगळी जागा द्या, नाहीतर लोक पुन्हा तिथेच येतील.

वाय-फायवर स्क्रीन चालवत असाल तर बाकी काही तपासण्याआधी एक प्रयोग करा. पंचवीस-तीस मीटर तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली नेटवर्कची वायर) जमिनीवरून टाकून तो स्क्रीन एक संध्याकाळ वायरवर चालवा. दोष गेला तर उत्तर मिळालं. किचन वाय-फायला वाईटच असतं. स्टीलचं हूड आणि स्टीलच्या रॅक लहरी परतवतात, मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास म्हणजे थेट २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतो, आणि रात्री हॉलमध्ये शंभर मोबाइल येऊन बसतात. वायर नेणं अगदीच अशक्य असेल तर किचनच्या आत स्वतंत्र अ‍ॅक्सेस पॉइंट लावा, त्याला स्विचपासून वायरने जोडा, ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि गिऱ्हाइकांना त्याचा पासवर्ड देऊ नका. स्क्रीनच्या जागी सिग्नल उणे ६५ डीबीएमपेक्षा खाली जायला नको. सिग्नल वाढवणारे रिपीटर किचनमध्ये लावून पैसे घालवू नका.

शनिवारीच स्क्रीन ‘आयपी मिळत नाही’ म्हणतो, बाकी दिवशी नाही? गिऱ्हाइकांचं वाय-फाय आणि किचन एकाच नेटवर्कवर आहे. राउटरकडे वाटायला शंभर-दीडशे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, असतात आणि एकदा दिलेला पत्ता बहुधा २४ तास अडकून राहतो. शुक्रवार रात्रीचे फोन शनिवारी दुपारपर्यंत पत्ते धरून बसतात. गिऱ्हाइकांना गेस्ट नेटवर्कवर टाका, तिथली मुदत एक तासावर आणा, आणि प्रत्येक स्क्रीनला त्याच्या मॅक पत्त्यावरून (उपकरणाचा स्वतःचा नंबर) कायमचा आयपी राखून ठेवा: १९२.१६८.१.२१ ते २४ स्क्रीनना, ३१ केओटी प्रिंटरला (किचनची ऑर्डर छापणारा), वाटपाचा पल्ला १०० पासून पुढे. प्रिंटरला हाताने दिलेला आयपी वाटपाच्या पल्ल्यात येत असेल तर एखाद्या दिवशी तोच कुणाच्या तरी फोनलाही मिळतो आणि दोघंही आळीपाळीने गायब होतात.

आता नेटवर्कची वायर. स्विचवरचा त्या पोर्टचा दिवा पाहा. गिगाबिटऐवजी १०० एमबीपीएस दाखवत असेल तर आठपैकी एखादी तार तुटली आहे. १०० ला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. ऑर्डर दाखवायला १०० भरपूर झाले, त्यामुळे वेग कमी म्हणून स्क्रीन अडकत नाही. पण आज एक तार गेली म्हणजे त्या प्लगमध्ये किंवा वाटेत काहीतरी चाललं आहे, आणि पुढची तार जाईल तेव्हा स्क्रीन बंद पडेल.

तंदूरमागचा नेटवर्कच्या वायरीचा प्लग काढून उजेडात धरा. आठ सोनेरी पट्ट्या स्वच्छ वेगवेगळ्या दिसायला हव्यात. किचनमधल्या दोन वर्षांच्या प्लगवर त्या एका तपकिरी, चिकट थराखाली झाकलेल्या असतात, एखाद-दुसरी हिरवट पडलेली, आणि प्लास्टिकची खिटी तुटलेली. साफसफाईच्या वेळी कुणीतरी वायर धरून ओढलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रात्र निभावता येते, पण सकाळी प्लग कापून नवा बसवा. टी५६८बी क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या पट्टीखाली दाबलं गेलंय याची खात्री करा. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो. मधल्या वाटेत वायर पिळून टेप लावलेला जोड सापडला तर त्याची दुरुस्ती करत बसू नका, अख्खी वायर बदला. फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर असतील तर पीव्हीसी पाइपही पुरत नाही, तिथे जीआय पाइप टाका.

स्वस्त वायर हे आणखी एक मूळ. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर कॅट-६ म्हणून विकली जाते. ब्लेडने तार खरवडा: आत चंदेरी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम. किंवा ५० मीटरच्या तुकड्याच्या एका टोकाला जोडीतल्या दोन तारा पिळा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा; २३ गेजचं शुद्ध तांबं सातच्या आसपास देतं, अ‍ॅल्युमिनियम अकराच्या आसपास. नुसत्या डेटाला ती काही दिवस चालते, पण वाकवली की तुटते, आणि पीओईला (डेटाच्याच वायरीतून वीज देणं) तर अजिबात वापरू नये.

पीओईवरचे स्क्रीन संध्याकाळी एकेक करून जात असतील तर स्विचचं एकूण बजेट वाचा. ८०२.३एटी या पीओईच्या प्रमाणाचा पोर्ट ३० वॉट देतो आणि १०० मीटरवर २५.५ पोचण्याची हमी असते. पण आठ पोर्टच्या स्वस्त स्विचचं सगळं मिळून बजेट ६० वॉटच असू शकतं. २० वॉटचे चार स्क्रीन म्हणजे ८०. सगळे पूर्ण ब्राइटनेसवर आले की शेवटचा बंद. अशा वेळी १२० वॉटचा स्विच घ्या. २४ किंवा ४८ व्होल्ट थेट वायरीत सोडणारे, समोरच्याला न विचारणारे इंजेक्टर किचनमध्ये नकोतच. चुकून प्रिंटरच्या पोर्टला लागला तर प्रिंटर जातो.

राहिला ‘इंटरफेरन्स’, म्हणजे पॉवरच्या वायरीचा डेटात होणारा गोंगाट. डेटाची वायर दोन मीटर पॉवरच्या शेजारून गेली म्हणून स्क्रीन अडकत नाही; पिळाच्या जोड्या त्यासाठीच असतात. तरीही दोन्ही एका पाइपात घालू नका, कारण आवरण सोललं तर २३० व्होल्ट थेट स्क्रीनच्या डेटा पोर्टवर येतील. एक्झॉस्टला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) बसवला असेल तर मात्र गोष्ट खरी आहे. त्याच्या मोटरच्या वायरीपासून ३०० मिलिमीटर अंतर राखा आणि ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

नव्याने टाकताना: चार स्क्रीनचा हिशोब

तंदूर, करी, चायनीज आणि पास असे चार स्क्रीन, कॅश काउंटरपासून सरासरी १८-२० मीटरवर, असं धरू.

वीज. चार स्क्रीन १४० वॉट, बिलिंगचा कॉम्प्युटर १००, राउटर-मोडेम-स्विच मिळून ३५, वर केओटी प्रिंटर: ३०० वॉटच्या आसपास. यासाठी १ केव्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, ज्यात १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या असतात. नव्या बॅटरीवर सुमारे पंधरा मिनिटं मिळतात, जनरेटर सुरू करायला पुरेशी. तो काउंटरखाली ठेवा. किचनच्या उष्णतेत बॅटरी वर्षभरात संपते. त्याचं आउटपुट एका छोट्या चार-वेच्या वेगळ्या डीबीत आणा. त्या डीबीचा न्यूट्रल मुख्य न्यूट्रल पट्टीला कुठेही जोडू नये, अर्थिंग मात्र सलग असावी. यूपीएसला जाणाऱ्या लाइनवर १० अँपियर, सी-कर्व्ह, ३० मिलिअँपियरचा आरसीबीओ, शक्यतो टाइप-ए. सहा अँपियरचा बी-कर्व्ह, म्हणजे क्षणिक झटक्यालाही पटकन पडणारा, लावला तर लाइट आल्यावर सगळे अडॅप्टर एकदम करंट खेचतात आणि तो विनाकारण पडतो.

वायर अडीच स्क्वेअर, एफआर-एलएसएच (सहज न पेटणारी, कमी धूर सोडणारी). करंटच्या हिशोबाने दीडही पुरली असती. पण भट्टीच्या बाजूने जाणाऱ्या पाइपात वायरीची क्षमता घटते, आणि पुढे कोणीतरी पॉइंट वाढवणार हे नक्की. फेज, न्यूट्रल, अर्थ प्रत्येकी ३० मीटर लागेल. सॉकेट स्क्रीनच्या पाठीमागे दडवा, झाकणाच्या खोक्यात, लाल रंगाचे. उघडे ठेवले तर त्यात मिक्सर लागेल आणि यूपीएस बसेल. मुख्य डीबीत टाइप-२ चा सर्ज प्रोटेक्टर बसवा. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा एका रात्रीत चारही स्क्रीन जाण्यापेक्षा तो स्वस्त आहे.

डेटा. प्रत्येक स्क्रीनला दोन वायरी टाका, एक चालू आणि एक राखीव. प्रिंटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट धरून दहा वायरी, प्रत्येकी २२ मीटर, म्हणजे २२० मीटर. ३०५ मीटरचा एक बॉक्स पुरतो. २५ मिलिमीटरच्या पाइपात चार कॅट-६ आरामात जातात, म्हणून तीन पाइप. पाचवी कोंबू नका, ओढताना पीळ बिघडतो. वळणाला कोपरा नको, लांब बेंड लावा. चार स्क्रीन, प्रिंटर, बिलिंग, राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट असे आठ पोर्ट पहिल्याच दिवशी भरतात, तेव्हा १६ पोर्टचा स्विच घ्या. भिंतीवर कीस्टोन (नेटवर्कचं सॉकेट) बसवा, तिथून स्क्रीनपर्यंत एक मीटरची तयार पॅच कॉर्ड. तेलकट झाली की कॉर्ड बदलायची, भिंतीतल्या वायरला हात लावायचा नाही.

बजेट असेल तर पीओईचे स्क्रीन घ्या, आमचा कौल त्यालाच आहे. ओल्या भिंतीवर २३० व्होल्ट न्यावेच लागत नाहीत आणि स्क्रीनसाठी यूपीएस फक्त स्विचला लागतो.

जागा ठरवताना रात्री नऊला तिथे थर्मामीटर टांगा. साध्या स्क्रीनची मर्यादा बहुधा ४० अंश असते. त्यापेक्षा जास्त दिसलं तर अर्धा-एक मीटर सरकवा. चुलीच्या कडेपासून किमान मीटरभर दूर आणि हूडच्या छताखाली नाही. वायर स्क्रीनमध्ये खालून शिरली पाहिजे, आधी थोडी खाली लोंबून मग वर. म्हणजे वाफेचं पाणी त्या लोंबत्या भागावरून गळून जातं. ‘आयपी६५’ (धूळ-पाणी आत न जाण्याची श्रेणी) असं लिहिलेलं बऱ्याचदा पुढच्या काचेपुरतंच असतं. हूड धुणाऱ्या मुलांना ते दाखवून सांगा आणि धुण्याआधी स्क्रीनवर प्लास्टिकचं कव्हर चढवायला लावा.

ताब्यात घेण्याआधी

सकाळच्या शांततेत चाचणी घेऊ नका. एक्झॉस्ट, ग्राइंडर, फ्रीझर, मायक्रोवेव्ह, बेन-मेरी सगळं एकदम चालू करा. चारही सॉकेटवर फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ मोजून लिहा. कॉम्प्युटरवरून प्रत्येक स्क्रीनला हजार पिंग (छोटे चाचणी-संदेश) पाठवा. वायरवर एकही हरवता कामा नये. मग मेन पाडा. एकही स्क्रीन लुकलुकला नाही पाहिजे, आणि बॅटरीवरच नवी ऑर्डर टाकून ती चारही ठिकाणी दिसली पाहिजे. इंटरनेटची वायर काढूनही ऑर्डर टाकून पाहा. ती थांबली तर सॉफ्टवेअर स्थानिक नेटवर्कवर चालत नाही, ते विक्रेत्याला आत्ताच विचारा, पैसे देण्याआधी. शेवटी जनरेटरवर घेऊन परत लाइनवर आणा.

मोजलेले आकडे, प्रत्येक पोर्टचा क्रमांक आणि आयपी एका कागदावर लिहून डीबीच्या दाराला आतून चिकटवा. महिन्यातून एकदा आरसीबीओचं टेस्ट बटण दाबा, तेही दुकान उघडण्याआधी. यूपीएसच्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा आणि दर तीन महिन्यांनी मेन पाडून किती मिनिटं चालतो ते घड्याळावर बघा. सात मिनिटांच्या खाली आला की त्याच आठवड्यात बॅटऱ्या बदला, दोन्ही एकदम.